दोन पेडलचा घोडा

गाडी स्लिप मारतेय हे आधी माझ्या धाकट्या भावाला कळलं. दुपारी फोन करून तो म्हणाला, "दादा, ही आयकत नाय."

"कोण?"

"गाडी. पाय देतो तर नुसती वराडते. पुढं जात नाय."

मी म्हणालो, कंटेनर जड असेल. तो म्हणाला, "रिकामा हाय." आमच्या यार्डात सगळे कंटेनर रिकामेच असतात, हे मला माहीत होतं. तरी तोंडातून ते गेलं.

ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या मुंडक्याला आमच्या उरणकडे घोडा म्हणतात. आमचा घोडा साधा नव्हता. बंदराच्या आत जहाजापासून कंटेनर ओढायला जे घोडे असतात, त्यांतला तो एक जुना, बंदरानं काढून टाकलेला. त्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. म्हणजे क्लच नाही. एक ब्रेक, एक अ‍ॅक्सिलरेटर, दोनच पेडल. आम्ही तो घेतला तो त्या नसलेल्या तिसऱ्या पेडलसाठी.

भाऊ आधी मोठे ट्रेलर चालवायचा. एका अपघातात त्याचा डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, सळई बसली, तो चालायला लागला. पण मोठ्या गाडीचा क्लच दिवसभर दाबणं त्या पायाला जमेना. घरी बसला. ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या ट्रेलरचे आवाज ऐकायचा आणि सांगायचा, यानं गिअरला घाई केली, याची क्लच-प्लेट जळणार. त्याची बायको मला म्हणायची, "भाऊजी, त्यांना कायतरी काम बघा हो, नायतर हे दिवसभर रस्त्याशीच बोलत बसतील."

काम बघितलं ते माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं. ते जुईनगरला राहतात, आम्ही सगळेच त्यांना दाजी म्हणतो. बंदर जुने घोडे विकतंय, ही बातमी त्यांनीच आणली. भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "क्लचच नाय रे. तुझ्या डाव्या पायाला आयुष्यभर सुट्टी." आम्ही तिघांनी मिळून घोडा घेतला. यार्डाचं काम मिळवणं आणि टिकवणं दाजींकडे, चालवणं भावाकडे, निगा माझ्याकडे. मी एका गोदामात कारकून आहे. कामावर जाण्याआधी सकाळी यार्डात जाऊन तेल-पाणी बघायचं, हवा बघायची, एवढं माझं काम.

पहिल्या दिवशी भावानं ट्रेलर न जोडता यार्डाला नुसत्या फेऱ्या मारल्या. खाली उतरला. डाव्या मांडीवर दोन थापा मारल्या, बैलाला मारतात तशा.

आता माझ्या कामाबद्दल लिहितो, कारण सगळं तिथंच आहे.

आमच्याकडे गाडीची सकाळ एका ठरलेल्या क्रमानं होते. अगरबत्ती फिरवल्याशिवाय चावी फिरवायची नाही. आणि अगरबत्तीच्या आधी तेल-पाणी बघून झालेलं पाहिजे. म्हणजे गाडी बंद, इंजिन थंड, तेव्हा ऑइलची पट्टी बाहेर काढायची, फडक्यानं पुसायची, परत घालायची, काढायची, खूण बघायची. मग काचेसमोर अगरबत्ती. मग ड्रायव्हर वर चढतो. आमच्या गावातल्या प्रत्येक ट्रकवाल्यानं हेच केलं. चालू गाडीत पट्टी काढणाऱ्याला आमच्यात अडाणी म्हणतात. हा क्रम काही देवानं सांगितलेला नव्हता, पण अगरबत्तीच्या शेजारी राहून राहून तो देवाचाच झाला होता.

आमच्या घोड्याला ऑइलच्या दोन पट्ट्या होत्या. एक इंजिनची, एक गिअरबॉक्सची. मी दोन्ही एकाच वेळी बघायचो. गिअरबॉक्सचं ऑइल लाल असतं, कोकम सरबतासारखं. पट्टीवर लाल रंग वरच्या खुणेपर्यंत दिसला की माझं समाधान व्हायचं.

गाडी ताब्यात द्यायला बंदरातला एक जुना ड्रायव्हर आला होता. त्यानं मला जाताजाता सांगितलं होतं की, गिअरबॉक्सची पट्टी गाडी चालू ठेवून, गरम झाल्यावर बघायची. मी मान हलवली. नंतर विसरलो. विसरलो असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला ते पटलं नव्हतं. हातात फडकं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दुसऱ्यानं पट्टी कशी बघायची ते शिकवू नये, असं काहीतरी मनात आलं होतं.

गाडी स्लिप मारायला लागली तेव्हा दाजी आधी भावावर घसरले. "पाय आहे का वरवंटा? विमान उडवायचंय काय?" यार्डातले बाकीचे ड्रायव्हरही मागं लागले. घोडा जागच्या जागी ओरडायला लागला की कुणीतरी ओरडायचं, "आला रे, पायलट आला." भाऊ हसण्यावारी न्यायचा. मीसुद्धा त्याला म्हणालो, "तू जरा बेतानं पाय दे." तो म्हणाला, "बेतानंच देतोय, दादा." मी म्हणालो, "अजून बेतानं."

मग दाजींनी कळंबोलीहून गिअरबॉक्सचा एक मिस्त्री आणला. त्यानं खाली वाकून बघितलं आणि हसायलाच लागला. "सेठ, हे घेऊन कुठं बसलात? ह्याचा स्पेअरचा माल मिळत नाय, मिळाला तर माणूस मिळत नाय. काढून टाका. मॅन्युअल बॉक्स बसवतो. क्लच, पेडल, दांडा, सगळं देतो लावून. मग टेन्शन नाय."

दाजींचा चेहरा एकदम मोकळा झाला. भाऊ हात धुवायला नळावर गेला तो बराच वेळ आलाच नाही.

घरी जाताना तो माझ्या मागं बाइकवर बसला होता. पाय सरळ ठेवायला लागतो म्हणून तो नेहमी एका बाजूला वाकून बसतो. पाणथळीजवळच्या रस्त्यावर म्हणाला, "दादा, क्लच आला का मी गेलो."

"येऊ देत नाही मी," मी म्हणालो.

एवढ्या ठामपणे मी आयुष्यात फार कमी वेळा बोललोय. आमच्या घरात मी कमी बोलणारा. त्यामुळे मला सगळे शहाणा समजतात. मी गप्प बसलो की लोकांना वाटतं, हा विचार करतोय.

मी दाजींना गळ घातली की, ऑटोमॅटिकचं काम करणारा एक माणूस तळोज्याला आहे, त्याला एकदा दाखवू, मग ठरवू. दाजी कुरकुरत तयार झाले. तो यायच्या आधी आपल्यालाही थोडं कळावं म्हणून मी दुपारच्या सुट्टीत फोनवर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे व्हिडिओ बघत बसलो. त्यातल्या एकात एक माणूस चालू गाडीची पट्टी काढत होता. तो समजावून सांगत होता की, गाडी बंद झाली की वर फिरणारं ऑइल सगळं खाली येऊन बसतं, म्हणून पट्टी भरलेली दिसते. चालू झाल्यावर ते वर खेचलं जातं. मग खाली उरतं ते खरं. जेवणाचा डबा अर्धा उघडा तसाच राहिला. मी तो व्हिडिओ परत लावला.

दुसऱ्या सकाळी भाऊ यायच्या आधी यार्डात गेलो. अगरबत्ती न लावता घोडा चालू केला. गरम होऊ दिला. पट्टी काढली. टोकाला तेवढं ओलं होतं. लाल नव्हतं, तपकिरी होतं, आणि करपट वास येत होता, डाळ लागल्यासारखा. खाली वाकून बघितलं तर गिअरबॉक्सच्या एका रबरी सीलपाशी ओलसर डाग होता. धुळीनं तो इतका झाकलेला की पुसल्याशिवाय दिसला नसता. थेंब थेंब ऑइल कधीपासून जात होतं, कोण जाणे. रोज सकाळी मी पट्टी बघून "भरलेलं आहे" म्हणत होतो, आणि भाऊ ते ऐकून वर चढत होता.

मी ऑइल आणलं, खुणेपर्यंत भरलं, डाग स्वच्छ पुसला, गाडी बंद केली. मग अगरबत्ती लावली. भाऊ आला तेव्हा मी काच पुसत होतो.

"आज लवकर?" तो म्हणाला.

"झोप लागेना," मी म्हणालो.

त्या दिवशी घोडा जरा बरा चालला. पूर्ण नाही. तिसऱ्या गिअरला जाताना अजून ओरडत होता. भाऊ म्हणाला, "अगरबत्ती पावली वाटतं." मी हसलो.

तळोज्याचा माणूस आला. त्यानं गाडी चालवून बघितली, खाली एक मीटर लावून ऑइलचा दाब बघितला, पट्टीवरचं ऑइल दोन बोटांत चोळलं. म्हणाला, "दाब कमी पडतोय. पण का पडतोय ते बाहेरून सांगता येत नाही. ऑटोमॅटिकला पेडल नसलं तरी बॉक्सच्या आत प्लेटांचे छोटे क्लच असतात, त्यांतला एक जळला असेल तर तेवढंच काम करू, छोटं काम आहे. पंपासकट सगळं झिजलं असेल तर पूर्ण बॉक्स खोलून नव्यानं बांधावा लागेल." मग त्यानं विचारलं, "गाडी कधी कमी ऑइलवर चाललीय का?"

मी काही बोललो नाही. विचार करतोय असं त्याला वाटलं असणार.

"कारण कमी ऑइलवर चालली असेल तर बहुतेक एकच क्लच जळलाय. तसं असेल तर आधी छोटं काम करून बघू. ऑइल कायम बरोबर असून ही हालत असेल, तर मग बॉक्स म्हातारा झालाय. वरवरचं काम करून उपयोग नाही."

माझ्या आधी भाऊ बोलला. "ऑइल कमी? शक्यच नाय. माझा दादा रोज सकाली पट्टी बघतो. ताप असला तरी येतो. मी समोर असतो ना." आणि माझ्याकडे वळून, "सांग ना दादा."

मी म्हणालो, "रोज बघतो. कायम बरोबर असतं."

हे मी म्हणालो. कुणी माझ्यावर दडपण आणलेलं नव्हतं. दाजी फोनवर होते. समोर दोनच माणसं होती, त्यातला एक माझ्या बाजूनं बोलत होता. त्याचं बोलणं खोटं पडू नये म्हणून मी तसं म्हणालो, असं मी नंतर स्वतःला समजावून बघितलं. पण त्या क्षणी मला फक्त माझं फडकं दिसत होतं, आणि भावाच्या तोंडावरचा तो विश्वास नकोसा झाला होता.

तळोज्याच्या माणसानं मान हलवली. "मग पूर्ण खोलायला लागेल. माल बाहेरून मागवायचा. कधी येईल सांगू शकत नाही."

दाजींनी फोन ठेवला, हे ऐकलं आणि विषय संपला. यार्डाला गाडी रोज कामाला उभी पाहिजे. आपण नाही दिली तर दुसरा देणार, रांग लागलेली आहे. ते भावाला म्हणाले, "मी तरी काय करू, तूच सांग." भाऊ म्हणाला, "तुमचं बरोबर हाय, दाजी." त्याला खरंच तसं वाटत होतं. दाजींवर मी आजही राग धरू शकत नाही. त्यांच्यासमोर जे ठेवलं होतं, त्यावर त्यांनी ठरवलं. ते ठेवलं मी होतं.

मॅन्युअल बॉक्स जमवेपर्यंत घोडा तसाच चालवायचा ठरलं. मला रोज वाटायचं, आज सांगू. सांगितलं तर छोटं काम करून बघता येईल, भावाची जागा राहील. एवढं सरळ होतं. सकाळी पट्टी बघायचो, आता चालू गाडीत बघायचो. भावानं विचारलं, "आता असं का?" मी म्हणालो, "तळोज्याच्यानं सांगितलं." आणि तेवढ्यात सांगून टाकायची संधी गेली. उद्या परत येईल म्हणायचो. घोडा दर दिवशी जरा जास्त ओरडायचा. जळलेल्या प्लेटवर गाडी चालवणं म्हणजे काय, ते मला आता चांगलं ठाऊक होतं. मी ते ऐकत ऑफिसात बसायचो. यार्ड लांब आहे, तिथला आवाज गोदामापर्यंत येत नाही. तरी मला तो ऐकू यायचा.

शेवटी बोललो तेव्हा उशीर झाला होता, हे लिहायला नको. कळंबोलीच्या मिस्त्रीनं ऑटोमॅटिक बॉक्स चेन-पुलीनं खाली उतरवला होता. जुना मॅन्युअल बॉक्स टेम्पोत पडला होता. दुपार होती. आम्ही चौघं शेडच्या सावलीत जेवायला बसलो होतो. दाजी मिस्त्रीला म्हणत होते की ऑटोमॅटिक भंगारात घाल. तेव्हा मी म्हणालो, "ऑइल कमी होतं."

कुणाला कळलं नाही. मी परत सांगितलं. पट्टी, बंद गाडी, करपट वास, पहाटे भरलेलं ऑइल, पुसलेला डाग. सगळं.

मिस्त्री आधी बोलला. "अहो, आमीपन बंद गाडीतच बघतो. त्यात काय एवढं." तो मला सावरत होता.

दाजींनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला. "आता सांगतोयस? टेम्पो दारात आल्यावर?"

भाऊ जेवत होता. त्यानं घास संपवला. पाणी प्यायला. मग विचारलं, "तुला कवापासून ठाव हाय?"

"तळोज्याचा आला त्याच्या आधीपासून."

"मग मी त्याला बोललो, दादा रोज बघतो, तवा तुला ठाव व्हतं."

"हो."

त्यानं मान हलवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं ताट उचललं, नळावर जाऊन धुतलं, माझंही मागितलं. मी दिलं. त्यानं तेही धुतलं.

दाजींनी तळोज्याला फोन लावला. पलीकडचा म्हणाला, तेव्हा सांगितलं असतं तर करून बघितलं असतं. त्यानंतर गाडी चालत राहिलीय, आता खोलल्याशिवाय काही सांगता येणार नाही. दाजींनी फोन ठेवला आणि मिस्त्रीला म्हणाले, "बसव."

मॅन्युअल बॉक्स बसला. भाऊ स्वतःहून वर चढला. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं क्लच दाबला, गिअर टाकला, घोडा हलवला, यार्डाच्या टोकापर्यंत नेऊन आणला. मिस्त्री म्हणाला, "जमतंय की." भावानं गाडी बंद केली आणि दरवाजा उघडून बसून राहिला. डावा पाय थरथरत होता, पँटमधून दिसत होता. थरथर थांबेपर्यंत तो उतरला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हर दुसरा आहे. भाऊ यार्डाच्या गेटवर असतो, येणाऱ्या कंटेनरचे नंबर बघून आत सोडतो. दाजींनी ते काम मिळवून दिलं.

ऑटोमॅटिक बॉक्स मी भंगारात जाऊ दिला नाही. टेम्पोनं तळोज्याला नेला. मला उत्तर पाहिजे होतं. छोटं काम पुरलं असतं, असं निघालं तर माझा गुन्हा मोठा. बॉक्स आधीच गेलेला होता, असं निघालं तर जरा कमी. त्यानं तो माझ्यासमोर टेबलावर उघडला. एका क्लचच्या प्लेटा काळ्याठिक्कर. बाकीच्या ठीक. पंपावर ओरखडे.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे दोन्ही. ऑइल कमी पडून पंप गेला का पंप आधीच जात होता, आता कसं सांगू?" त्यानं हात पुसले. "काय करू? प्लेटा तेवढ्या बदलू का पूर्ण बांधू?"

बॉक्स बसवायला घोडाच नसताना हा प्रश्न मला कुणी विचारावा, याचं हसू यायला हवं होतं. तो उत्तरासाठी थांबला होता. त्याला दुसरी कामं होती.

"पूर्ण," मी म्हणालो.

"कुठल्या गाडीला बसवणार?"

"बघतो."

माल यायला फार वेळ लागला. बॉक्स तयार झाला, मी तो घरी आणला. भावाच्या आणि माझ्या घरांच्या मध्ये एक पडवी आहे, तिथं फळीवर ताडपत्रीखाली ठेवलाय. तसे दोन पेडलचे जुने घोडे बंदर पुन्हा कधी विकायला काढेल, कुणालाच सांगता येत नाही. काढले तरी त्यांचे त्यांचे बॉक्स असणारच. हे मला बॉक्स बांधायला सांगतानाही कळत होतं. भावाची बायको कधीकधी आमच्या बॉक्सवर पापडांचं ताट वाळत ठेवते. एकदा मला म्हणाली, "भाऊजी, हे काय हाय नक्की?" मी म्हणालो, गिअरबॉक्स. ती म्हणाली, "चालू हाय?" मी म्हणालो, हो, चालू आहे.

भाऊ माझ्याशी बोलतो. पहिल्यासारखाच बोलतो, निदान मोजून काढण्यासारखा फरक मला दाखवता येणार नाही. परवा गेटवरून आला, पडवीत पाय सरळ करून बसला. ताडपत्री एका बाजूनं उचलून त्यानं आत बघितलं. वरच्या झाकणावर हात फिरवला, बोटाला काही लागलं का बघितलं. काही लागलं नव्हतं.

"चांगला बांधलाय," तो म्हणाला. मग ताडपत्री नीट खोचून, "गाडी गावली का सांग."

तो टोमणा होता की त्याला खरंच वाटत होतं, ते मला त्याच्या आवाजावरून कळलं नाही. मी विचारलंही नाही. बघतो, म्हणालो.